पितळी पेला

माझे कान गेले, हे सगळ्या परळला ठाऊक आहे. डोळे मात्र शाबूत आहेत, आणि त्या रविवारी देवळात या डोळ्यांनी जे पाहिलं त्याने आठवडाभर माझ्या तोंडाची चव गेली. पाहिलं ते एवढंसंच. सगळी मंडळी उभी राहून प्रभूची प्रार्थना म्हणत होती. ऋणाची ओळ आली, आम्ही जसं दुसऱ्यांना सोडलं तसं तू आम्हाला सोड अशा अर्थाची, आणि मागच्या बाकावर जाईबाईने तोंड मिटलं. ओळ संपली, तोंड उघडलं. पुढे आमेनपर्यंत तिने एक शब्द गाळला नाही. आता तुम्ही म्हणाल, प्रार्थनेत डोळे मिटायचे सोडून हा म्हातारा बायकांची तोंडं कशाला बघत बसला होता? तर मी पंच आहे. आमच्या देवळात पंचांचं बाक पुढे, मंडळीकडे तोंड करून ठेवलेलं, आणि डोळे मिटणं मला कधी जमलंच नाही. जवळजवळ तीस वर्षं कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिलेला माणूस आहे मी. साच्यावर नजर हलली की आडवा धागा नेणारा धोटा सुटून अंगावर येतो, लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला. आमच्या खात्यातल्या एकाचा डोळा त्याने गेला होता. देवासमोर उभा राहिलो म्हणून ही सवय जात नाही.

कान गेले तेही साच्यांमुळेच. आमच्या खात्यात एका वेळी चारशे साचे चालायचे. शेजारच्याच्या कानात बोंबललं तरी त्याला कळायचं नाही, म्हणून आम्ही बोंबलायचोच नाही. ओठांवर बोलायचो. आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, समोरच्याने ते वाचायचे. जॉबर येतोय, चहा सांग, पोरीचं लग्न ठरलं, सगळं चार साचे पलीकडे बरोबर पोचायचं. सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यातल्या बायका तर यात आमच्या वरताण. मुकादमाच्या तोंडासमोर त्याला अशा काही शिव्या घालायच्या की आम्ही हसून हसून खाली बसायचो आणि त्याला पत्ता नसायचा. जाईबाई त्याच खात्यातली. तिचे ओठ मी पंचवीस वर्षं वाचत आलोय, तेव्हा ती चुकून थांबली असेल, तिला खोकला आला असेल, असलं काही मला सांगू नका. पुढचे दोन रविवार मी तेवढंच पाहिलं. त्याच जागी, तेवढाच वेळ, घट्ट मिटलेलं तोंड. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. ती ओळ ती कुणासाठी गिळत होती हे मला कुणी सांगायला नको होतं. माझ्यासाठी.

आमचं देऊळ म्हणजे काही मोठं चर्च नव्हे. गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून, कोळशाच्या वखारीशेजारी, एक कौलारू खोली आणि वर छोटी घंटा. संपाआधी तिथे रविवारी बाकं पुरायची नाहीत, माणसं पायऱ्यांवर बसून गायची. आता अठ्ठ्याऐंशी साल उजाडलं तेव्हा आम्ही अठरा जण उरलो होतो, सगळे पन्नाशीच्या पुढचे, आणि गायला लागलो की पायपेटीचा फाटका भाता आमच्यापेक्षा मोठ्याने धापा टाकायचा. ही गत काय आपोआप झाली? संपाने झाली, गिरण्या बंद पडल्या म्हणून झाली, माणसं गावाला गेली, पोरं कल्याण-डोंबिवलीला गेली, असं मी सगळ्यांना सांगायचो. सांगायचो ते खोटं नव्हतं. पण थोडं माझ्यामुळेही झालं होतं, आणि ते समजायला पेल्याची गोष्ट ठाऊक असायला हवी.

माझा बाप नगरकडून आला आणि गिरणीत लागला, पण साचेखात्यात त्याला जन्मात कधी घेतलं नाही. का, तर धोट्यात सुताची नवी कांडी घातली की तिचा धागा एका बारीक भोकातून बाहेर काढावा लागायचा. त्याला सुई नाही, आकडा नाही. भोकाला तोंड लावायचं आणि दम आत ओढायचा, धागा जिभेवर येतो. तोच धोटा दुसऱ्या पाळीचा माणूस तोंडाला लावणार. मग आमच्या माणसांनी उष्टा केलेला धोटा बाकीच्यांनी कसा लावायचा? ख्रिस्ती झालात तरी मूळचे कोण ते आम्हाला ठाऊक आहे, म्हणाले. म्हणून आमच्या बापलोकांनी देवळात हट्टाने एक गोष्ट केली. मिशनच्या साहेबाने प्रभुभोजनासाठी, म्हणजे सगळ्यांनी भाकरी आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीसाठी, प्रत्येकाला वेगळे असे इवलेसे काचेचे पेले आणले होते. ते त्यांनी परत पाठवले, आणि आमच्यातल्या एका फिटरने खरादीवर पितळेचा एकच मोठा पेला काढला. पितळ कुठून आलं हे विचारू नका. गिरणीला माहीत नव्हतं, देवाला होतं, आणि देव काही बोलला नाही. तो पेला पाळकाने वाटायचा नाही अशी रीत पडली. एकाने दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, नाव घेऊन. ‘घे, सीताराम.’ ‘घे, राधा.’ एकाच काठाला सगळ्यांची तोंडं. माझा बाप पेला हातात आला की आधी त्याच्याकडे नुसता बघत राहायचा, इतका वेळ की मागचा माणूस खाकरायचा.

पुढे दिवस पालटले आणि सत्तावन्न साली मी आणि सीताराम, आम्ही दोघं आमच्यातले पहिले, साचेखात्यात लागलो. सीताराम म्हणजे जाईबाईचा नवरा, माझा लंगोटीयार, देवळातला आमचा पहाडी आवाज. पहिल्याच दिवशी मी धोट्याला तोंड लावलं आणि आजूबाजूचे चार साचे थांबले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. तेवढ्यात लवू म्हणून एक मालवणी पोरगा, माझ्याच वयाचा, पलीकडच्या साच्यावरून आला, माझ्या हातातला धोटा घेतला, त्याच भोकाला तोंड लावून सुर्रकन धागा ओढला आणि परत माझ्या हातात दिला. भाषण नाही, काही नाही. मग ओठांवर म्हणाला, ‘बघतंस काय? साचो चालू कर.’ एवढंच. चारही साचे चालू झाले. लवू ख्रिस्ती नाही आणि कधी होणारही नाही, चाळीतल्या भजनी मंडळाची ढोलकी त्याच्याकडे असते. पण प्रभुभोजन म्हणजे काय हे मला पाळकाच्या आधी त्याने दाखवलं, असं मी तेव्हा म्हणायचो. आणि म्हणता म्हणता पुढे विसरलो.

विसरलो म्हणजे संपात विसरलो. ब्याऐंशीच्या जानेवारीत भोंगा बंद पडला. सहा महिने गेले, आठ गेले. लवू बाहेर, सीताराम बाहेर, मीही बाहेर. अकराव्या महिन्यात एका बुधवारी सकाळी मी जाळी लावलेल्या ट्रकमध्ये बसून, पुढे-मागे पोलीस, गिरणीच्या फाटकातून आत गेलो. कारणं होती. कारणं सगळ्यांच्याच घरात होती. फाटकावर सीताराम उभा होता. तो ओरडला नाही, त्याने दगड मारला नाही, नुसता बघत राहिला. त्याच रविवारी प्रभुभोजन आलं. माझ्या शेजारी तोच बसायचा, बसला. पेला माझ्याकडे आला, मी घोट घेतला, वळलो आणि म्हटलं, ‘घे, सीताराम.’ त्याने हात मांडीवरून उचललेच नाहीत. पेला हवेत राहिला. किती वेळ, देव जाणे; मला तर वाटलं पाळी संपून दुसरी लागली. शेवटी पाळकाने पुढे येऊन तो माझ्या हातातून घेतला आणि पलीकडच्याला दिला. हातोहात जाणारी पेल्याची ती ओळ तिथे तुटली. आणि मी काय केलं? पुढच्या पंचांच्या सभेत उभा राहून ठराव मांडला, मी स्वतः, की एका पेल्याने आजार पसरतात, छोटे पेले आणावेत. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण सगळ्यांनाच सुटका हवी होती. बापाने परत पाठवलेले पेले मी परत आणले. पेले आले, कुणाला कुणाच्या हातातून घ्यायची गरज उरली नाही, आणि हळूहळू कुणाला यायचीही गरज उरली नाही. सीताराम तर त्यानंतर देवळाची पायरी चढलाच नाही. त्याची छाती आधीच खराब होती. संपात नोकरी गेली तसं कामगार दवाखान्याचं कार्डही गेलं, आणि पंच्याऐंशीत तो गेला. दफनाला मी मागे उभा होतो, जाईबाईकडे बघायची छाती झाली नाही.

अशा या अठरा माणसांत गेल्या दिवाळीत नवे पाळक आले. शमुवेल वाघचौरे नाव, वय अठ्ठावीस, दाढी नीट उगवलेली नाही, आणि उत्साह असा की बघून आपल्यालाच दम लागावा. मी मनात म्हटलं, चार महिने. चार महिन्यांत याची हवा जाईल. पण हा पठ्ठ्या रोज संध्याकाळी चाळीचाळीतून हिंडायचा, जिने चढायचा, जो देवळात येत नाही त्याच्या घरी जाऊन चहा प्यायचा. जाईबाईला परत आणली ती यानेच. काय बोलला तिच्याशी, माहीत नाही. डिसेंबरपासून ती मागच्या बाकावर येऊन बसायला लागली. मग जानेवारीत त्याने पंचांना वरच्या कचेरीतून आलेलं पत्र वाचून दाखवलं. मंडळी अशीच राहिली तर ईस्टरनंतर देऊळ बंद करून आम्हाला दुसऱ्या मोठ्या मंडळीत मिळवून टाकायचं ठरलं होतं. मी म्हटलं, बरंच झालं, सुंठीवाचून खोकला गेला. तोंडाने म्हटलं खरं, पण याच खोलीत माझं लग्न लागलं, इथूनच माझा बाप नेला.

वाघचौरे पाळक काही डगमगले नाहीत. म्हणाले, ‘फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन आहे. बाकं भिंतीला लावू, सतरंज्या अंथरू, गोल बसू. पायपेटीला विश्रांती देऊ आणि भजन करू, ढोलकी-झांजांवर. उपासना झाली की मागच्या अंगणात प्रीतिभोजन. प्रत्येकाने घरून मूठभर तांदूळ आणायचा, एकाच टोपात शिजवायचा. जे येत नाहीत त्यांच्या घरोघर जाऊन सांगू या.’ मी उसळलोच. ‘पाळकसाहेब, हे देऊळ आहे. ढोलकी आणून इथे काय गणपती बसवायचाय?’ तर ते हसले. ‘काका, तुमच्या वडिलांच्या वेळी इथे कीर्तन व्हायचं, जुन्या वहीत नोंद आहे. ढोलकी तुमचीच होती, तुम्ही विसरलात.’ पोरगं शहाणं. मग हळूच म्हणाले, ‘आणि पेला एकच हवा. जुना. तो कुठे आहे, काका?’ बाकीच्या पंचांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘हरवला. छोटे पेले आले तेव्हा कुठे गेला, कोण जाणे.’ पंच माणूस, देवाच्या घरात बसून, तोंड वर करून सांगितलं.

दोन दिवसांनी ते माझ्या घरी आले. मी, माझी बायको शांती, चहा, खारी. पाळक पुन्हा पेल्याबद्दल बोलायला लागले. नसेल तर स्टीलचा आणू, पण एकच हवा, वगैरे. मी मान हलवत होतो. शांती उठली, फळीवरचा तांदळाचा डबा खाली काढला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि पेला काढून चहाच्या ट्रेमध्ये ठेवला. पितळ काळं पडलेलं, आत तांदूळ. ‘हा घ्या,’ ती म्हणाली. ‘पाच वर्षं तांदूळ काढताना हाताला लागतोय. रोज वाटायचं, आज तरी हे बोलतील. कुठलं काय! मूग गिळून बसलेत.’ मी तिच्या ओठांकडे बघायचं टाळलं, पण एवढ्या मोठ्याने बोलली की बहिऱ्यालाही ऐकू आलं. पाळकाने पेला उचलला, तांदूळ ओंजळीत घेतला आणि म्हणाले, ‘काका, प्रीतिभोजनाचा पहिला तांदूळ तुमचा.’ ना रागावले ना काही. मला त्यांचा असा राग आला की काय सांगू, आणि त्याच वेळी असं हलकं वाटलं की मी दुसरा चहा मागितला.

पेल्याला कल्हई लावायला मी स्वतः लालबागला गेलो. द्राक्षरस आंबट, पितळेत कळकायला वेळ लागत नाही. कल्हईवाल्याने भाता मारला, नवसागराचा पांढरा धूर उठला, कापसाच्या बोळ्याने त्याने कथील आत फिरवलं आणि काळ्याचं एकदम चांदीसारखं झालं. तिथेच लवू भेटला. त्याच्याशी माझं बोलणं संपानंतर तीन वर्षं बंद होतं. मग गिरणीच बंद पडली आणि एक दिवस तो आपणहून म्हणाला, ‘गिरण गेली, आता राग धरून काय लोणचा घालूचा हा?’ मी त्याला ढोलकीचं विचारलं, अंमळ घुटमळत, कारण दुसऱ्याच्या देवळात वाजवायचं म्हणजे विचारायला हवं. तो डोळे मिचकावत म्हणाला, ‘तुमचो देव ढोलकेक भियता काय रे? येतंय मी.’ मग पेल्याकडे बघून ओठांवर, आवाज न काढता, म्हणाला, ‘जाईक कोण देतलो?’ जाईला कोण देणार? मी कल्हईवाल्याचे पैसे मोजायला लागलो. गोल बसायचं, हातातून हात जाणार, कोण कुठे बसेल काय सांगावं? पण आठवडाभर माझ्या डोक्यात तेवढंच. तिने माझ्या हातातून घेतलं नाही, पुन्हा मंडळीसमोर पेला हवेत राहिला, तर देऊळ बंद करायला वरचं पत्र लागणार नाही. पाळक कितीही जिने चढोत, पेल्याची ओळ पुन्हा तुटली की कायमची तुटली. आणि मी पाचपन्नास वेळा तिच्या चाळीखालून गेलो असेन, वर जाऊन बोलायचं धाडस काही झालं नाही. पंच कसला, भित्रा ससा नुसता.

रविवार उजाडला. सतरंज्या, मध्ये मेज, मेजावर भाकरी आणि पेला. दहा वाजता मी मोजलं तर त्रेचाळीस माणसं. डोंबिवलीहून लोक आले होते, नातवंडं घेऊन. मागच्या अंगणात शांती आणि दोघीचौघी चूल पेटवून बसल्या होत्या. माझा गुडघा मुडपत नाही म्हणून मी खांबाला टेकून, पाय जरा लांब करून, पुरुषांच्या शेवटी बसलो. पुढे बायका सुरू होत होत्या आणि माझ्या शेजारी राधाबाई येऊन बसली होती. मला बरं वाटलं. राधाबाई कुणाच्याही हातातून काहीही घेते. तेवढ्यात जाईबाई आली, पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, राधाबाईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘सरक गं.’ राधाबाई सरकली. जाईबाई माझ्या शेजारी बसली. माझ्याकडे बघितलं नाही.

भाकरी मोडून झाली आणि लवूने ढोलकीवर थाप मारली. पाळकाने स्वतः रचलेलं भजन होतं, तुटला धागा जोड, देवा, असं काहीतरी. धागा जोडायचा म्हणजे काय असतं हे याला कुठून ठाऊक, शाळा-कॉलेजात शिकलेला, असं मी आधी म्हटलं होतं. पण एकदा झांजा सुरू झाल्या, त्रेचाळीस माणसं टाळ्या वाजवायला लागली, आणि त्या एवढ्याशा खोलीत असा काही गजर झाला की कान गेलेल्या मलाही तो जमिनीतून वर आला, सतरंजीतून, खांबातून, बरगड्यांत. साचेखातं चालू झालं! मी खरंच तसं म्हटलं असेन मोठ्याने, कारण समोरची बाई हसली. सहा वर्षांत मला असं कुठे घरी असल्यासारखं वाटलं नव्हतं. पेला फिरत होता. माणसांचे ओठ मला दिसत होते, घे रखमा, घे दगडू, घे मृणालिनी, आणि कुणी रडत होतं, कुणी उगाच हसत होतं. माझ्या डावीकडे रामजी, सगळ्यात म्हातारा, त्याने दोन्ही हातांनी पेला माझ्याकडे केला. घे, रामदास. मी घोट घेतला. आंबट-गोड, मागे कल्हईची किंचित चव. बाप आठवला. मग मी वळलो आणि म्हटलं, ‘घ्या, वहिनी.’

तिचे हात मांडीवर होते. तसेच राहिले. अगदी सीतारामसारखे, बोटांत बोटं अडकवलेले. पेला हवेत. आवाज काढून बोलायची सोयच नव्हती, त्या गजरात माझं मलाही ऐकू आलं नसतं. मग ओठ आपोआप हलले, गिरणीतले. ‘मी आत गेलो. तुम्हाला सगळ्यांना सोडून गेलो. छोटे पेलेही मीच आणवले. चुकलो, वहिनी.’ पाच वर्षांचं ते, असं आवाजाशिवाय बाहेर पडलं. तिने मान वर केली. भुवया चढल्या. आणि तिचे ओठ हलले, तेच जुने वायंडिंग खात्यातले, झरझर. ‘तुम्हाला काय वाटलं, भावजी, मी तुमच्यासाठी तोंड मिटते? दर रविवारी टकमक बघत असता ते काय मला दिसत नाही? तुम्ही कोण लागून गेलात!’

ती थांबली नाही. ‘तुम्ही आत गेलात त्या आठवड्यात शनिवारी तेही निघाले होते. तुमच्याच ट्रकमध्ये बसायला. डबा भरून निघाले. मी दारात आडवी पडले. म्हटलं, जाल तर मला ओलांडून जा. दुसऱ्या दिवशी तुमच्या हातचा पेला घेतला नाही तो रागाने नाही घेतला. लाज वाटली. तुम्ही केलंत ते त्यांना करायचं होतं, आणि सगळे त्यांना मोठा समजत होते.’ तिचा खालचा ओठ थरथरला, मला एक-दोन शब्द जुळवून घ्यावे लागले. ‘मग कार्ड गेलं. औषध गेलं. ते गेले. मी अडवलं नसतं तर गेले नसते. त्या दारातल्या बाईला मी सोडलेलं नाही, भावजी. देवापुढे उभी राहून सोडलं म्हणून खोटं कसं बोलू?’

पाच वर्षं मी ताठ्यात होतो की या मंडळीतला सगळ्यात मोठा गुन्हेगार मी. आणि ही बाई माझ्या शेजारी बसून माझ्याहून जड ओझं उचलून होती, आणि मी तिचं तोंड माझ्याच नावाने वाचत बसलो होतो. कडवं संपलं. पाळकाने हात वर केला, आता थांबा म्हणून. पेला अडलाय हे सगळ्यांना दिसत होतं, माना वळायला लागल्या होत्या. मी लवूकडे बघितलं. लवूची नजर आमच्या ओठांवर. साचेवाला तो, त्याने सगळं वाचलं होतं. पाळकाचा हात दिसलाच नाही असं दाखवून त्याने ठेका दुप्पट केला, झांजवाल्यांना मानेनं खूण केली आणि पहिलं कडवं स्वतःच पुन्हा उचललं, मालवणी गळ्याने, ख्रिस्ताचं भजन. आम्हाला वेळ दिला त्याने. मी ओठांवर म्हटलं, ‘त्यांची मान खाली जाऊ नये म्हणून अडवलंत तुम्ही.’ ती म्हणाली, ‘मान घेऊन काय करू?’ धोटा हातात घेऊन लवूने तरी कुठे भाषण केलं होतं? मी पेला तसाच तिच्यापुढे धरला. ‘वहिनी, सीतारामचा घोट त्या दिवसापासून माझ्याकडे राहिलाय. तुमचा नका घेऊ. त्याचा तरी घ्या.’

ती पेल्याकडे बघत राहिली, इतका वेळ की कुणीतरी खाकरलं असेल, मला ऐकू आलं नाही. मग बोटांतली बोटं सुटली. तिने पेला माझ्या हातातून घेतला, पदर सावरला आणि माझं तोंड लागलं होतं त्याच काठाला तोंड लावून एक घोट घेतला. थांबली. डोळे मिटून दुसरा घेतला. नियम एकाचा आहे. पंच म्हणून मी ते पाहिलं नाही. मग ती वळली, तिच्या ओठांवर ‘घे, राधा’ दिसलं, आणि पेला पुढे गेला. लवूने शेवटची थाप मारली, पंजाने घाम पुसला आणि माझ्याकडे बघून ओठांवर म्हणाला, ‘माझो हात मोडलो रे भोसडीच्या.’ देवळात! मी हसलो आणि डोळ्यांतून पाणी आलं, दोन्ही एकदम.

पेला सगळा गोल फिरून रिकामा मेजावर आला. मागून शिजलेल्या भाताचा वास यायला लागला होता, पोरं चुळबुळ करत होती. पाळक म्हणाले, आता उभे राहू आणि प्रभूची प्रार्थना म्हणू. रामजीने मला काखेत हात घालून उठवलं. सगळे म्हणायला लागले, मीही. ऋणाची ओळ जवळ आली तशी माझी मान सवयीने उजवीकडे, जाईबाईच्या तोंडाकडे वळायला लागली, आणि अर्ध्यात थबकली. कारण तेव्हा मला कळलं की दर रविवारी त्या ओळीला मी तिचं तोंड बघत उभा असायचो आणि माझं स्वतःचं तोंड गप्प असायचं. तिच्याही आधी, ट्रकमध्ये बसलो त्या आठवड्यापासून, ती ओळ मी एकदाही म्हटली नव्हती. मी मान सरळ केली. डोळे मिटले, जन्मात पहिल्यांदा. ती म्हणत होती की नव्हती, मला माहीत नाही, आजही माहीत नाही. मी ती ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटली. बहिऱ्याला आपला आवाज केवढा निघतो ते कळत नाही. उजवीकडून माझ्या बरगडीत एक टोकदार कोपर बसलं. मी डोळे उघडले नाहीत, आणि आवाजही कमी केला नाही.